आमची वाटचाल : प्रेसनोटपासून सूचना फलकापर्यंत

आमच्या जनसंपर्क संस्थेचे काम १९९७ साली पुण्यातील नारायण पेठेत एका खोलीत सुरू झाले. भागीदार दोघेच होतो. मी रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून एका कारखान्याच्या प्रसिद्धी विभागात काही वर्षे नोकरी केलेली, आणि दुसरे एका मराठी दैनिकातून मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना शहरातील झाडून सारे वार्ताहर दादा म्हणत. पैसे माझे आणि ओळखी त्यांच्या, असा साधा हिशेब होता. तो आम्ही कागदावर कधीच उतरवला नाही आणि तशी वेळही आली नाही.

आज कोणाला ती खोली दाखवली, तर तिथे जनसंपर्काचे काम चालत असे हे खरे वाटणार नाही. एक फॅक्स यंत्र, एक संगणक, त्यावर श्रीलिपी हे मराठी टाइप करण्याचे सॉफ्टवेअर, भिंतीला कात्रणांच्या फायली आणि टेबलावर दादांची स्टीलची फूटपट्टी एवढाच आमचा सरंजाम होता. फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही महिन्यांत उडून जात, म्हणून आलेल्या प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढल्याशिवाय तो फाइलला लावायचा नाही, असा नियम होता. छायाचित्राच्या पाठीवर पेनाने ओळ लिहायला दादांची सक्त मनाई असे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि ओली शाई खालच्या छायाचित्राला लागते. ओळ वेगळ्या पट्टीवर टाइप करायची, पट्टी मागे चिकटवायची आणि ‘डावीकडून’ हा शब्द लिहिल्यानंतर नावे मोजून पाहायची. छायाचित्रात पाच माणसे आणि ओळीत चार नावे असतील, तर ते छायाचित्र केराच्या टोपलीत जाणार, हे त्यांना पलीकडच्या टेबलावर आयुष्य काढल्यामुळे पक्के ठाऊक होते.

प्रेसनोट ते खालून वर वाचत. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटचा परिच्छेद कापतो, मग त्याच्या वरचा कापतो, त्यामुळे शेवटचे दोन परिच्छेद कापल्यावर जे उरते तीच आपली बातमी, असे ते म्हणत. अशिलाला प्रमुख पाहुण्यांचे नाव पहिल्या ओळीत हवे असे आणि दादा ते तिसऱ्या परिच्छेदात नेऊन ठेवत. त्यावरून होणारे वाद मी सोडवायचे, कारण बिल माझ्या सहीने जात असे. वर्तमानपत्रांकडे मजकूर पोहोचवण्यातही कसरत असे. एका कचेरीत एक फॉन्ट, दुसरीत दुसरा, आणि फाइल उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची रांग दिसायची, म्हणून फ्लॉपीबरोबर छापील प्रत द्यावीच लागे. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी एकच अक्षरपद्धत रुळल्यावर हा त्रास संपला. ज्यांनी तो काढलेला नाही, त्यांना एकच मजकूर सगळीकडे सारखा दिसणे ही केवढी सोय आहे, हे सांगून पटत नाही.

पुढची वर्षे बरी गेली. दृष्टी अधू झाल्यामुळे दादा २००९ मध्ये कामातून बाजूला झाले. आम्ही कर्वे रस्त्यावर मोठ्या जागेत आलो, माणसे वाढली आणि मासिक शुल्कावर काम देणारे उद्योग मिळाले.

त्यानंतर २०१२ साली मुंबईच्या एका मोठ्या जनसंपर्क संस्थेने पुण्यात कार्यालय थाटले. स्पर्धेबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती आणि आजही नाही. तक्रार आहे ती त्यांच्या आकड्याबद्दल, आणि ती इतक्या वर्षांनीही मला सविस्तर मांडायची आहे. छापून आलेल्या बातमीचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्या वर्तमानपत्राच्या जाहिरात दराने गुणायचे आणि वर, बातमीवर वाचकाचा विश्वास जाहिरातीपेक्षा जास्त असतो अशी सबब सांगून, आलेल्या रकमेला, म्हणजे जाहिरातमूल्याला, पुन्हा तीनने गुणायचे. या तीनला आधार काय, असे विचारले की उद्योगात असेच चालते, हे उत्तर तयार असे. वास्तविक २०१० मध्येच बार्सिलोना येथील परिषदेत या क्षेत्रातील मोजमापाची सात तत्त्वे ठरली होती आणि जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, हे त्यांतील एक तत्त्व होते. बातमीचे कात्रण फूटपट्टीने आम्हीही मोजत होतो, पण ते किती जागा मिळाली हे कळण्यासाठी. त्या जागेचे रुपये करून ते अशिलाला कमाई म्हणून दाखवण्याचे आमच्या मनातही आले नाही.

आमच्या सर्वांत मोठ्या अशिलाकडे तेव्हा नवे विपणन व्यवस्थापक आले होते. वार्षिक बैठकीत आम्ही कात्रणांची फाइल ठेवली आणि त्यासोबत, कोणत्या बातमीनंतर कोणत्या जिल्ह्यातील वितरकांकडे किती विचारणा झाली याचा तक्ता ठेवला. तो तक्ता आमच्या एका सहकारी मुलीने वितरकांना एकेक करून फोन लावून तयार केला होता. व्यवस्थापकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘तुमचा आकडा किती?’ एवढेच त्यांनी विचारले. प्रतिस्पर्ध्यांनी नमुना म्हणून दिलेला रंगीत अहवाल त्यांच्या समोरच पडलेला होता आणि त्यात एका समारंभाच्या बातमीची संपूर्ण जागा त्यांच्या कंपनीच्या नावे धरलेली होती. बातमीत कंपनीचा उल्लेख ‘यांच्यासह अन्य उपस्थित होते’ या वाक्यात, चौथ्या क्रमांकावर होता.

ते काम गेले. दोन महिन्यांत दुसरे मोठे कामही गेले आणि त्यासोबत आमचा एक वरिष्ठ सहकारी वार्ताहरांची संपूर्ण संपर्कयादी घेऊन त्याच संस्थेत रुजू झाला. ती यादी दादांच्या डायऱ्यांतून उतरवलेली होती. कोणाला दुपारी दोनपर्यंत फोन करायचा नाही, कोणाला सहकाराचा विषय आवडतो, कोण स्वतः येतो आणि कोण कधीच येत नाही, अशा नोंदींसकट. निम्म्याहून अधिक उत्पन्न आटले होते. कर्वे रस्त्यावरील जागा सोडून आम्ही पुन्हा एका खोलीत आलो, दोन सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला आणि पगारासाठी मी दागिने गहाण ठेवले. पत्रकार परिषदांत ओळखीचे लोक चौकशी करत, तेव्हा त्यांच्या आवाजातील सहानुभूती मला मुळीच सहन होत नसे.

या पडत्या काळात ज्यांनी आमचे बिल एकदाही थकवले नाही, ते भोसरीतील एक कास्टिंगचे कारखानदार. आम्ही त्यांना साहेब म्हणतो आणि ते मला ताई म्हणतात, वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे असूनही. वर्तमानपत्रात नाव यावे अशी हौस त्यांना नव्हती. वर्षातून एखादी बातमी आणि दिवाळीचे शुभेच्छापत्र एवढेच त्यांचे काम असे. २०१३ मध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला की, दुसऱ्या पाळीचे कामगार गेटवर जमले आहेत, पाळी बंद होणार अशी बोलवा आहे आणि मूळ कारण आहे बसची एक सूचना. मी फलकावरची ती सूचना वाचली. ‘सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव द्वितीय पाळीच्या वाहतूक व्यवस्थेमध्ये फेरबदल करण्याचे व्यवस्थापनाने योजिले असून’ अशी ती सुरू होत होती आणि वेळ सहाव्या ओळीत होती. ती ओळ येईपर्यंत ‘फेरबदल’ या एका शब्दाने कारखानाभर चर्चा घडवून आणली होती.

आम्ही तिथेच बसून नवी सूचना लिहिली. ‘सोमवारपासून दुसऱ्या पाळीची बस रात्री १२.१० ऐवजी १२.३० वाजता सुटेल. थांबे तेच राहतील. हात धुऊन कपडे बदलायला वेळ पुरत नाही, अशी तक्रार आल्यामुळे हा बदल केला आहे. पाळीच्या वेळेत किंवा माणसांच्या संख्येत कोणताही बदल नाही.’ खाली टाइम ऑफिसमधील ज्या माणसाकडे चौकशी करायची त्याचे नाव आणि अंतर्गत फोन क्रमांक टाकला. साहेबांनी ती स्वतः गेटवर वाचून दाखवली आणि माणसे पाळीला आत गेली.

मजकुराची ही मांडणी दादांच्या प्रेसनोटचीच होती. शेवटच्या दोन ओळी कोणी वाचल्या नाहीत तरी काम भागावे, अशी. त्या दिवसानंतर साहेबांनी मनुष्यबळ विभागाकडून जाणारा प्रत्येक कामगारविषयक मजकूर आमच्या नजरेखालून घालायला सुरुवात केली. त्यांनीच भोसरी आणि चाकणमधील इतर कारखानदारांना आमचे नाव सांगितले. गृहपत्रिका, सुरक्षा सप्ताहाचे फलक, पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरने बोलायची पाच मिनिटे, बोनसच्या वाटाघाटी चालू असताना काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, अशा कामांवर आमची संस्था पुन्हा उभी राहिली. बाहेरच्या बातमीची प्रतिष्ठा या कामाला नाही, त्याला पुरस्कारही मिळत नाहीत, आणि आमच्या व्यवसायातील अनेकांना हे काम जनसंपर्कात मोडते हेच मान्य नाही.

२०२० च्या टाळेबंदीत या कामाची किंमत कळली. वर्तमानपत्रांची पाने घटली, पुरवण्या बंद पडल्या, एप्रिलमध्ये घरोघरी अंक टाकण्यावरच राज्य सरकारने काही काळ बंदी घातली, आणि केवळ प्रसिद्धीवर चालणाऱ्या संस्थांचे मासिक शुल्क एका ईमेलने थांबले. आमचे काम उलट वाढले. मराठवाड्यात, विदर्भात, बिहारमध्ये गावी परतलेल्या कामगारांना कारखाना कधी सुरू होणार, पगार कसा मिळणार, परवाना कुठे काढायचा हे सांगायचे होते आणि फलकापुढे उभे राहायला कोणी नव्हते. आम्ही प्लांट प्रमुखांच्या आवाजात दीड-दोन मिनिटांचे संदेश मराठीत आणि हिंदीत ध्वनिमुद्रित केले. माझ्या तरुण सहकाऱ्यांना ध्वनिसंपादन येत होते, मला येत नव्हते. कोणत्या वाक्यानंतर थांबायचे हे मला कळत होते.

आता या तरुण सहकाऱ्यांबद्दल. त्यांना तक्ते, चलच्चित्रे, समाजमाध्यमांवरील आकडेवारी हे सारे लीलया जमते आणि ते शिकून घेण्याची माझी तयारी आहे. फोन उचलून बोलणे मात्र त्यांना जड जाते. वार्ताहराला व्हॉट्सॲपवर मजकूर धाडायचा आणि निळ्या खुणांची वाट पाहत बसायचे, याला मी पाठपुरावा म्हणत नाही. म्हणून आमच्याकडे सकाळी साडेदहा ते साडेअकरा हा वेळ फक्त फोनचा असतो. नव्याने व्यवसायात येणाऱ्यांनी विचारलेले नाही, तरीही सांगते. अशिलाने ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे मजकुराला मंजुरी मिळाली असे समजू नका. अंतिम मसुदा ईमेलने पाठवा आणि ‘मान्य’ हे लेखी उत्तर येईपर्यंत थांबा, कारण उद्या वाद झाला तर तो अंगठा कोणत्या मसुद्याला होता हे कोणालाच आठवणार नाही. अशिलाच्या ग्रुपवर आपापसातील चर्चा करू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कच्चा मसुदा घेण्यास माझी हरकत नाही, पण ती यंत्रे कार्यकारी संचालकांच्या तोंडी त्यांनी कधीही न उच्चारलेली सुबक वाक्ये घालतात. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण किंवा लेखी निवेदन जोडलेले नसेल, तर अवतरणचिन्हांतील एकही शब्द आमच्या कचेरीतून बाहेर जात नाही.

आमचा तो जुना मोठा अशील परत आलेला नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या अहवालात जाहिरातमूल्याचा रकाना अजूनही असतो, फक्त त्याचे नाव बदलले आहे, असे त्यांच्याकडची नोकरी सोडून आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या एका मुलीने सांगितले. तिला आम्ही घेतले आहे. सध्या ती चाकणच्या एका कारखान्यात रोज पहिल्या पाळीला सुपरवायझरच्या शेजारी उभी राहून तो काय बोलतो आणि माणसे त्यावर काय विचारतात, ते उतरवून आणते.