चौदा खिडक्यांचे स्टॉर्म: मापं, निवड, ऑर्डर

घर न्यू इंग्लंडमधलं, १९२०च्या दशकातलं, लाकडी. खिडक्या चौदा. त्यातल्या बारा वरखाली सरकणाऱ्या दोन पल्ल्यांच्या, दोरी आणि वजनावर चालणाऱ्या. पोटमाळ्यावरची एक बाहेर उघडते आणि जिन्याच्या वळणावरची एक मोठी, न उघडणारी आहे. काच सगळीकडे एकेरी. मूळ पल्ल्यांचं लाकूड दाट रेषांचं आणि अजून टणक आहे, म्हणून ते काढायचे नाहीत हे सुरुवातीलाच ठरलं. बाहेरून स्टॉर्म, म्हणजे चौकटीत बसवलेली दुसरी काच, लागला की काचेतून जाणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते, आणि चांगलं लाकूड जागेवर राहतं.

मापं पुढे सुतांत दिली आहेत. आपल्या सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अमेरिकन टेपवर ती रेघ आयती मिळते. अर्धं सूत म्हणजे सोळावा भाग, आणि स्टॉर्मची ऑर्डर तिथपर्यंत अचूक लागते.

मापाआधी खरवड

पहिला आठवडा टेप हातात न घेता गेला. बाहेरच्या केसिंगच्या, म्हणजे खिडकीभोवतीच्या लाकडी पट्ट्यांच्या, आतल्या कडेवर रंगाचे इतके थर होते की काही ठिकाणी एका बाजूलाच एक सूत फुगवटा निघाला. तो तसाच ठेवून माप घेतलं आणि नंतर खरवडलं, तर स्टॉर्म सैल बसतो. म्हणून आधी खरवड, मग माप, आणि स्टॉर्म येईपर्यंत प्रायमर आणि रंग. १९७८पूर्वीच्या घरात रंगात शिसं आहे असंच धरून चालायचं: पृष्ठभाग ओला करून खरवडणं, खाली जाड प्लास्टिक, हेपा (बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम, लहान मुलं त्या बाजूला नाहीत. कोरडा सँडर अजिबात चालवायचा नाही.

माप नेमकं कुठे घ्यायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अॅल्युमिनियमचा स्टॉर्म दोन तऱ्हांनी बसतो. एकात चौकटीची कड केसिंगच्या दर्शनी भागावर चढते. दुसऱ्यात स्टॉर्म केसिंगच्या आत जातो आणि ब्लाइंड स्टॉपवर, म्हणजे पल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या अरुंद लाकडी पट्टीवर, स्क्रूने टेकतो. पहिली तऱ्हा वाकडेपणा झाकते, पण जुन्या केसिंगची नक्षीही झाकते. इथे दुसरी घेतली आहे. त्यासाठी ब्लाइंड स्टॉप निदान अर्धा इंच दिसायला हवा, नाहीतर स्क्रू लाकडाच्या कडेला जाऊन पट्टी चिरते.

रुंदी दोन केसिंगच्या मधे, स्टॉर्म ज्या पातळीवर बसणार तिथेच, वर, मधे आणि खाली मोजायची. टेप कोपऱ्यात वाकतो आणि अर्ध्या सुताची चूक हमखास होते. दोन सरळ पट्ट्या एकमेकींवर सरकवून दोन्ही टोकं भिडवायची, क्लॅम्पने आवळायची आणि बाहेर काढून मोजायची. ही रीत टेपपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

उंचीत सिलचा, म्हणजे खिडकीच्या तळाच्या आडव्या लाकडाचा, उतार घात करतो. सिल बाहेरच्या बाजूला उतरती असते. उतार १४ अंश असेल तर १ इंच बाहेर सरकलं की उंची २ सूत वाढते. म्हणून पल्ल्यालगत घेतलेली उंची उपयोगाची नाही. स्टॉर्मची खालची कड सिलवर जिथे टेकणार तिथे पेन्सिलची खूण करून तिथूनच मोजायचं.

उत्तरेच्या दुसऱ्या खिडकीची नोंद अशी: रुंदी वर ३१ इंच ४ सूत, मधे ३१ इंच ३ सूत, खाली ३१ इंच साडेतीन सूत. उंची डावीकडे ५८ इंच ६ सूत, उजवीकडे ५८ इंच ५ सूत. दोन्हीकडे सगळ्यात लहान आकडा धरायचा. रुंदीत १ सूत सोडलं, ३१ इंच २ सूत. उंचीत २ सूत सोडले, ५८ इंच ३ सूत. खालची फट स्टॉर्मच्या तळाशी असलेली सरकती पट्टी भरून काढते.

मग कर्ण. या खिडकीचे दोन्ही कर्ण ६६ इंच ४ सूत, म्हणजे ती गुण्यात, काटकोनात, आहे. दक्षिणेच्या तिन्ही खिडक्या गुण्यात नाहीत. त्यातल्या एकीचे कर्ण ६६ इंच २ सूत आणि ६६ इंच ६ सूत. फरक अर्धाच इंच दिसतो, पण तो कशामुळे हे ओळंबा लावूनच कळतं. एवढ्याच रुंदी-उंचीच्या खिडकीत बाजू कलल्या असतील तर त्या वरपासून खालपर्यंत जवळजवळ अर्धा इंच कललेल्या असतात; माथा आणि सिल कलली असेल तर कल पाव इंचाच्या आसपास. इथे बाजूच कलल्या आहेत. अशा जागी १ सूत सोडून केलेली काटकोनी चौकट आत जातच नाही. उपाय असा: रुंदी आणखी अर्धा इंच कमी धरायची आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारख्या निमुळत्या लाकडी पट्ट्या रंधून, प्रायमर मारून आधी बसवायच्या. चौकट ओढूनताणून वाकडी बसवली तर सरकती काच खोबणीत अडकते.

आणखी एक माप बहुतेक जण विसरतात: मूळ खिडकीचे दोन पल्ले जिथे मिळतात ती आडवी पट्टी. दर्शनी तीन खिडक्यांत वरचा पल्ला लहान आहे आणि ही पट्टी सिलवरच्या खुणेपासून ३३ इंचांवर येते. हे कळवलं नाही तर स्टॉर्मची पट्टी बरोबर मधोमध येते आणि खालच्या काचेवर आडवी रेघ दिसत राहते.

निवड

बाराही खिडक्यांना तीन खोबण्यांचे स्टॉर्म: दोन काचा, एक जाळी, तिन्ही जागेवरच सरकतात. दोन खोबण्यांचा स्वस्त असतो, पण दर ऋतूला जाळी काढा-घाला करावी लागते आणि वरच्या मजल्यावर ते धोक्याचं आहे. झोपण्याच्या खोलीत खिडकी आणीबाणीची वाट असते. तिथे स्टॉर्म आतून, हत्याराशिवाय उघडलाच पाहिजे.

काच लो-ई, म्हणजे उष्णता परत फिरवणारा अतिपातळ थर असलेली. स्टॉर्मला कडक थराचीच घ्यायची, कारण नाजूक थर उघड्यावर टिकत नाही. थराची बाजू मूळ खिडकीकडे हवी. काच आल्यावर मल्टिमीटरची टोकं दोन्ही बाजूंना टेकवून पाहावीत: थर वीजवाहक असतो, साधी काच नसते. रस्त्याकडच्या दोन खिडक्यांना लॅमिनेटेड काच (दोन काचांमधे प्लास्टिकचा थर), आवाज कमी व्हावा म्हणून. जिन्यावरची काच मोठी आणि पायाजवळ, म्हणून टेम्पर्ड, फुटली तर बोथट तुकडे होणारी. टेम्पर्ड काच नंतर कापता येत नाही. तिचं माप दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घेऊनच कळवावं.

पोटमाळ्याची खिडकी बाहेर उघडते, तिला बाहेरून स्टॉर्म चालणार नाही. तिथे आतून अॅक्रिलिकचा पत्रा, कडेला दबणारी सीलची नळी. अॅक्रिलिक ३० इंचांत ३० अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे अर्धं सूत वाढतं, तेवढी जागा सोडायची. अमोनियाचा क्लीनर वापरला तर त्यावर बारीक भेगा पडतात.

ऑर्डर

आधी फक्त एक मागवला, उत्तरेचा दुसरा. मापाप्रमाणे केलेला माल परत घेत नाहीत, त्यामुळे चूक एकावरच थांबलेली बरी. काही कारखाने उघड्या जागेचं माप मागतात आणि सोडायचं ते स्वतः सोडतात. काही तयार चौकटीचं टोकापासून टोकापर्यंतचं माप मागतात. हे लेखी विचारून घ्यावं. दोघांनीही सोडलं तर रुंदीत दुप्पट फट राहते आणि ती सीलंटने नीट भरत नाही. कागदावर खिडकीचा क्रमांक, आधी रुंदी मग उंची, बसवण्याची तऱ्हा, आडव्या पट्टीची उंची, काच, जाळी, रंग. पहिला नीट बसल्यावर पुढचे आठ मागवले.

बसवणं

प्रत्येक खिडकीत स्टॉर्मआधी मूळ पल्ल्यांचं काम उरकलं: काचेच्या कडेची निघालेली लांबी (पुट्टी) नवी भरली, दोऱ्या बदलल्या, कडेला ब्राँझच्या स्प्रिंगपट्ट्या लावल्या. हा क्रम उलटा करू नये. आतला पल्ला बाहेरच्यापेक्षा घट्टच हवा. तो सैल राहिला तर घरातली उबदार, दमट हवा मधल्या पोकळीत शिरते आणि स्टॉर्मच्या थंड काचेवर पाणी धरतं.

स्टॉर्म आधी कोरडा लावून पाहिला, दोन्ही काचा सरकवल्या, मग काढून वर आणि दोन्ही बाजूंना सीलंटची सलग रेघ ओढली. तळाला सीलंट नाही. तिथली पाणी निघायची दोन भोकं मोकळीच राहिली पाहिजेत. ती बुजवली की पावसाचं पाणी सिलवर साठतं आणि लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. स्क्रू आधी माथ्याला, अर्धवट आवळून. काच सरकते हे पाहून मग बाजूंचे.

नऊ बसले. पहिल्या गोठलेल्या रात्रीनंतर सकाळी प्रत्येक काच पाहिली. आठ कोरड्या. पूर्वेच्या पहिल्या खिडकीत स्टॉर्मच्या आतून धुकं होतं. मूळ पल्ल्याचा लॅच पूर्ण ओढला जात नव्हता आणि आडव्या पट्टीत फट राहत होती. लॅचची खालची पट्टी अर्धं सूत सरकवल्यावर दुसऱ्या सकाळी तीही कोरडी. धुकं खोलीकडच्या काचेवर असतं, तर स्टॉर्म गळतोय किंवा खोलीत दमटपणा जास्त आहे असं धरून शोध उलट बाजूने घेतला असता.

बाकी आहेत दक्षिणेच्या तीन आणि जिन्यावरची एक. पोटमाळ्याचा पत्रा कापून तयार आहे, सीलची नळी चढवायची राहिली. दक्षिणेच्या पाचरींना प्रायमर लागला आहे. त्या बसल्यावर तिन्ही खिडक्यांची रुंदी नव्याने मोजूनच पुढची ऑर्डर जाईल.