पिटकेर्नच्या आडोशाला

गॅलापागोस मागे पडलं की पनामा ते न्यूझीलंड हा प्रवास नेव्हिगेटरला कंटाळवाणा होतो. चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, खोलीचे आकडे आणि बाकी पांढरं. त्या वेळी मात्र वाटेत दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न या एकाकी बेटावर पीठ, बटाटे आणि जनरेटरचे काही सुटे भाग उतरवायचे होते. मी सेकंड ऑफिसर, त्यामुळे मार्ग आखणं माझ्याकडे होतं.

या बेटाचा इतिहासच मुळी चार्टमधल्या चुकीवर उभा आहे. १७६७ साली कॅप्टन कार्टरेटच्या 'स्वॅलो' जहाजानं ते पाहिलं. जहाजावर क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढायला लागणारं अचूक घड्याळ नव्हतं, त्यामुळे रेखांश तीन अंशांहून जास्त चुकला. १७९० मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश आरमारी जहाजावरचे नऊ बंडखोर ताहितीच्या स्त्री-पुरुषांना घेऊन इथं आले, त्यांनी जहाज जाळलं आणि चार्टवर बेट चुकीच्या जागी असल्यानं १८०८ पर्यंत कुणालाही सापडले नाहीत. त्या वर्षी अमेरिकन 'टोपाझ' तिथं पोहोचलं, तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. बंडखोरांचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन खलाशी म्हणून हुशारच म्हणायचा. रेखांशाचा भरवसा न धरता अक्षांशावर शोधत तो इथवर आला.

चाळीसेक मैलांवरून बेट रडारवर उमटलं. पहाटे डोळ्यांना दिसलं ते सह्याद्रीतला एखादा किल्ला पायथा कापून समुद्रात ठेवावा तसं. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, माथा ३४७ मीटर, चहूबाजूंनी काळे कातळकडे आणि पुळण जवळजवळ नाहीच. हा समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीचा शेंडा. त्यामुळे बेट समोर दिसत असूनही खोली मोजणाऱ्या इको साउंडरवर तळ येत नव्हता. नांगर भरवशानं धरेल अशी जागा नाही. विमानतळ नाही, मोठ्या जहाजाला बंदर नाही.

माझा बेत बाउंटी बेसमोर थांबायचा होता. पण रात्रीत वारा ईशान्येचा झाला आणि ही खाडी नेमकी त्याच बाजूला उघडी. व्हीएचएफ रेडिओवर बेटावरून आवाज आला, "इथं लाटा फुटतायत. पलीकडे टेडसाइडला या." कॅप्टनसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, फिरवा." पश्चिमेच्या कड्याखाली वारा एकदम पडला. लांबून येणाऱ्या लाटांची फुगवटी मात्र बेटाला वळसा घालून तिथंही पोहोचत होती. इंजिन स्टँडबायवर ठेवून आम्ही वाहत राहिलो. जहाज कड्याकडे सरकलं की थोडं पुढे घ्यायचं, परत वाहू द्यायचं. सकाळभर हेच.

त्यांची अ‍ॅल्युमिनियमची लाँगबोट कुशीला लागली. लाट वर आली की पायलट लॅडर, म्हणजे जहाजाच्या कडेला सोडलेली दोराची शिडी पकडायची, ही वेळ त्या लोकांनी इतकी सहज साधली, की आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, बघतच राहिला. सोबत केळी, मध आणि मीरो लाकडाचे कोरलेले मासे. हे लाकूड दोनशेक किलोमीटरवरच्या निर्मनुष्य हेंडरसन बेटावरून आणतात.

आमचा माल उतरेपर्यंत एक वयस्कर गृहस्थ ब्रिजवर आले. पाण्याचं विचारलं, तर म्हणाले, बारमाही ओढा नाही, छपरावरचा पाऊस टाक्यांत साठवतो. मग माझ्या चार्टवर बोट ठेवून त्यांनी बेट फिरवून दाखवलं. धक्क्यापासून गावापर्यंत 'हिल ऑफ डिफिकल्टी', म्हणजे खड्या चढाचा रस्ता. पुढे 'व्हेअर डॅन फॉल', 'जॉनी फॉल', 'ब्रेक इम हिप'. कोण कुठून कोसळला, कुणाचं कंबरडं कुठं मोडलं, याचीच यादी. दक्षिणेला 'डाउन रोप': तिथं कड्यावरून खाली वाळूच्या एका तुकड्यावर उतरायचं आणि कातळावर बंडखोरांच्याही आधीच्या पॉलिनेशियन लोकांनी कोरलेली चित्रं पाहायची.

"तुम्ही उतरलात?" मी विचारलं.

"लहानपणी. आता गुडघे नको म्हणतात."

दुपारकडे वारा आणखी वाढला. लाँगबोटीवरच्या माणसानं खालून हात हलवला. शेवटचं बटाट्याचं पोतं घाईघाईनं दोरानं सोडलं आणि ते गृहस्थ शिडीवरून उतरले, गुडघ्यांची तक्रार विसरून.