एक आवाज, अनेक क्लिप : मिक्सिंगचा माझा अनुभव

एक लांबलचक मुलाखत मिक्स करायला घेतली होती. बोलणारी व्यक्ती एकच, पण रेकॉर्डिंग वेगवेगळ्या बैठकांचं. एका क्लिपमध्ये विजेची गुणगुण, दुसरीत पंख्याची घरघर, तिसरीत माइक लांब असल्यामुळे आवाज पोकळ. गुणगुण घालवायला पूर्ण ट्रॅकवर (म्हणजे सगळ्या क्लिप ज्या पट्टीवर मांडल्या तिच्यावर) इक्यू, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा इफेक्ट, लावला, तर स्वच्छ क्लिपमधला आवाजही पातळ होई.

म्हणून ज्या क्लिपचं दुखणं, त्याच क्लिपवर इफेक्ट लावायचं ठरवलं. मी रीपर हे ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात क्लिप निवडून शिफ्ट-ई दाबलं की तेवढ्याच क्लिपची इफेक्टची साखळी उघडते. क्लिपवरचे इफेक्ट आधी लागतात, ट्रॅकवरचे नंतर. खरी गोम या क्रमात आहे. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो. मग एकूण पातळी वाढवली की शांत जागांमधली गुणगुणही वर येते. ती क्लिपवरच काढली, तर कॉम्प्रेसरपर्यंत पोचतच नाही.

विजेची गुणगुण ५० हर्ट्झला असते (काही देशांत ६०) आणि तिच्या पटीत, १००, १५० अशी वर चढत जाते. प्रत्येक ठिकाणी इक्यूचा अगदी अरुंद खड्डा केला. पंख्यासाठी रीअफिर हे रीपरमधलंच साधन कामी आलं. त्याच्या सबट्रॅक्ट मोडमध्ये आधी कुणी बोलत नसलेला भाग ऐकवून नॉइज प्रोफाइल (गोंगाटाचा नमुना) बनवायचं आणि मग ते बनवण्याची खूण आठवणीने काढायची. नाहीतर ते बोलण्यालाच गोंगाट समजून कापायला लागतं. इथे हात आखडता ठेवलेला बरा. फार कापलं की शब्द पाण्याखालून आल्यासारखे वाटतात, आणि मला त्यापेक्षा थोडी घरघर चालते.

पोकळ क्लिप मात्र पूर्ण सुधारली नाही. खोलीचा घुमारा शब्दांत मिसळलेला असतो. इक्यूने तो थोडा झाकता येतो, वेगळा काढता येत नाही.

क्लिप कापण्याआधीच इफेक्ट लावलेला बरा, कारण कापल्यावर दोन्ही तुकड्यांना त्याची प्रत मिळते. प्रती वाढून संगणक अडखळू लागला, तर क्लिप नव्या टेकमध्ये रेंडर करायची, म्हणजे इफेक्टसकट तिची पक्की आवृत्ती बनवायची; मूळ टेक तिथेच शाबूत राहतो.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा देणारा इफेक्ट, मी क्लिपवर लावला नाही. क्लिप संपते तिथे त्याची शेपटी तुटू शकते आणि जोड उघडा पडतो. तो आणि कॉम्प्रेसर, दोन्ही ट्रॅकवर ठेवले. सगळ्या बैठका एकाच खोलीत झाल्यासारख्या वाटू लागल्या त्या तिथे.