साडेपाच लाखांचं फावडं

आमच्या वावरात २०२२ साली जेसीबी ३१ तास चालला, २०२३ साली ३८ आणि २०२४ साली ३६. इतका नेमका आकडा सांगू शकतो त्याला कारण खर्रा, म्हणजे आमच्याकडचा घोटलेला सुपारी-तंबाखू, आहे.

झालं असं की पहिल्या वर्षी बिलावरून माझी आणि ऑपरेटरची जुंपली. तो म्हणे नऊ तास, मी म्हणे साडेसात. तेव्हापासून गाडी वावरात शिरली की मी आधी तिच्या अवर-मीटरचा फोटो काढतो आणि संध्याकाळी पुन्हा एक. त्या मीटरचा शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे एक आकडा सहा मिनिटांचा. एकदा मी धुऱ्यावर बसून बघत होतो. ऑपरेटरनं खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, मांडीवर ठेवून घोटायला घेतली, मग तोंडात टाकला, मग थोडं आभाळाकडे बघितलं. इंजिन चालूच. तेवढ्यात मीटर दोन आकडे पुढे सरकलं. आमच्याकडे तासाला १२०० रुपये भाव होता. म्हणजे तो खर्रा मला २४० रुपयांना पडला, आणि खाल्ला त्यानं.

अशा चिडचिडीतूनच ट्रॅक्टरच्या मागे लावायचा बॅकहो, म्हणजे माती उकरायचा दांडा नि बकेट, घ्यायचं डोक्यात आलं. आमच्याकडे त्याला कोणी बॅकहो म्हणत नाही. पिवळं असो, लाल असो, ट्रॅक्टरला लावलेलं असो, माती उकरणारं सगळं जेसीबीच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज माणसाच्या नावाची ही आद्याक्षरं, त्यानं १९४५ साली कंपनी काढली. आता आमच्या गावातलं पोरगं त्याला क्रियापदासारखं वापरतं: "काका, हे बाभूळ जेसीबी करून टाका ना."

आमचं शेत दारव्हा तालुक्यात, १४ एकर. त्यातलं आठ एकर बरड, वखर घातला तर दगड वाजतात. सहा एकर नाल्याकाठचं, काळं, भारी. लोक त्या सहा एकरांचं कौतुक करतात, पण जेसीबीचे जवळपास निम्मे तास तिथेच जातात. पावसाळ्यात पाणी चिबडतं. मधून नाल्यापर्यंत एक चर आहे, साधारण चार फूट खोल. तो दरवर्षी गाळानं भरतो नि दरवर्षी उकरावा लागतो. उरलेले तास धुऱ्यावरची झाडोरी, पाइपलाइन, शेणखत भरणं आणि पांदणीतले खड्डे यांत जातात.

२०२४ च्या जूनमध्ये जे झालं ते अजून बोचतं. ऑपरेटर "उद्या येतो भाऊ" म्हणत म्हणत नऊ दिवसांनी आला. अर्धा चर उकरला नि संध्याकाळी पाऊस आला. काळ्या मातीत साडेसात टनांची गाडी पावसानंतर उतरवायची म्हणजे ती काढायला दुसरी गाडी लागते. काम तिथेच थांबलं. जुलैमध्ये खालच्या दोन एकरांतलं सोयाबीन पिवळं पडलं ते पडलंच.

बाबा म्हणाले, "घेऊन टाक ना बाबू एकदाचं. लोकायच्या मांगं किती दिवस फिरशीन?"

मला तेच ऐकायचं होतं. आमचं ट्रॅक्टर ४५ एचपीचं, कर्ज फिटलेलं. यवतमाळला जाऊन कोटेशन आणलं: नुसता मागचा बॅकहो, पुढचा लोडर नाही, चेसिसखाली बसवायच्या फ्रेमसकट साडेपाच लाख. दीड लाख स्वतःचे टाकायचे, चार लाख कर्ज. ती फ्रेम कशाला, असं मी मेकॅनिकला विचारलं, कारण फ्रेमशिवाय स्वस्तात बसवून देणारेही भेटले होते. तो म्हणाला, वखर-नांगर ओढणं वेगळं आणि माती उकरण्याचा झटका वेगळा. मागच्या तीन दांड्यांवर नुसता टांगला तर सगळा झटका ट्रॅक्टरच्या मागच्या घरावर, म्हणजे गिअरच्या लोखंडी पेटीवर, येतो. एक दिवस ते घरच फुटतं. फ्रेम असली की तो भार ट्रॅक्टरच्या पुढपर्यंत वाटला जातो. पटण्यासारखं होतं.

मग डेमो बघायला गेलो. नेरकडच्या एका गावात, एप्रिलच्या शेवटी. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला लावलेलं नवंकोरं यंत्र, तेलाची स्वतःची टाकी, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, चालणारा स्वतःचा पंप. चालवणारा ट्रॅक्टरकडे पाठ करून बसला, दोन्ही बाजूंचे पाय जमिनीला टेकवले, नि ओलिताच्या तुकड्यात बकेट घातली. लोण्यासारखी माती निघाली. बघायला आलेले सगळे खूश. माझा भाचा तर व्हिडिओ काढून पाठवूही लागला.

मी म्हटलं, आता त्या बाजूच्या कोरड्यात लावून दाखवा. तिथे हरभरा निघून दोन महिने झाले होते आणि जमिनीला हात जाईल अशा भेगा होत्या. विकणारा म्हणाला, ती फार वाळली आहे हो. मी म्हटलं, माझीही एप्रिलात अशीच असते.

बकेटचे दात टेकले, खरडले, वरची ढेकळं उडाली. मग चालवणाऱ्यानं दांडा जोरात आत ओढला. माती जागची हलली नाही, ट्रॅक्टरच मागे सरकलं. टेकवलेल्या पायांनी जमिनीवर हातभर लांब दोन रेघा ओढल्या नि पुढची चाकं वीतभर वर उचलली गेली. त्यानं सोडून दिलं तसं पुढचं टोक धपकन खाली आलं. मग तो सावध झाला, थोडी थोडी चावत उकरू लागला. सात फूट लांब आणि तीन फूट खोल व्हायला वीस मिनिटं गेली. मी घड्याळ लावून बसलो होतो.

घरी येऊन हे मी आमच्या नेहमीच्या ऑपरेटरला सांगितलं, तोच खर्रावाला. तो हसला. "भाऊ, तुमचं ट्रॅक्टर दोन टनाचं. माही गाडी साडेसात टनाची. माती वजनाले भेते, इंजिनाले नाही भेत." मग म्हणाला, माझ्या एका तासाचं काम तुम्हाला दोन तास जाईल, वाळलेल्यात तीन. त्याचा धंदा आहे, तो असंच म्हणणार. पण रेघा मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. खोलीचं म्हणाल तर त्याची गाडी पंधरा फुटांपर्यंत जाते, हा बॅकहो आठ फूट. मला चारच फूट लागतात, त्यामुळे तो मुद्दा माझ्यासाठी नव्हताच. अडचण वजनाची होती.

रात्री बायको वही घेऊन बसली. आमच्या घरात हिशेब तीच ठेवते. तिनं तीन वर्षांचे तास मिळवले, १०५, भागिले तीन, वर्षाला ३५. तासाला १२०० धरून ४२ हजार. मी म्हटलं, बघ, वर्षाला ४२ हजार दुसऱ्याच्या खिशात जातात. ती म्हणाली, थांबा. तेच काम स्वतःच्या यंत्रानं करायला ७० तास. ट्रॅक्टर तासाला चार लिटर पितं, म्हणजे २८० लिटर. डिझेल नव्वदनं धरलं तरी २५ हजार २००. भाड्याच्या गाडीत डिझेल त्याचं असतं, हे मी विसरलोच होतो. वाचले किती? सोळा हजार आठशे. आणि चार लाखांवर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ४८ हजार.

वही माझ्याकडे सरकवून ती झोपायला गेली.

भाचा हार मानत नव्हता. तो म्हणाला, मामा, आपल्यापुरतं कायले वापराचं? लोकायच्या वावरात लावू. तासाले आठशे, दिवसाले आठ तास, सहा हजार चारशे. वर्षात शंभर दिवस चाललं तं सहा लाख चाळीस हजार. गुणाकार बरोबर होता. शंभर दिवस कुठून आणायचे ते त्याला सांगता येईना.

खोदकामाचा हंगाम आमच्याकडे अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत. मधे लग्नसराईचे दिवस गेले की महिनाभरही हाती राहत नाही. पेरणी झाली की तूर निघेपर्यंत वावरात यंत्र न्यायला वाटच नसते, दुसऱ्याच्या पिकातून थोडंच नेणार? सगळ्यांना एकाच महिन्यात गाडी हवी असते, म्हणून मला ती वेळेवर मिळत नाही. आणि सगळ्यांना त्याच महिन्यात हवी असते म्हणून मी घेतलेल्या यंत्रालाही वर्षाचे अकरा महिने काम नाही. ज्या कारणासाठी घ्यावंसं वाटतं, त्याच कारणानं ते परवडत नाही, हे कळायला मला दोन रात्री लागल्या. शिवाय त्याच महिन्यात आमच्या ट्रॅक्टरला नांगरटी, वखरणी, शेणखताच्या ट्रॉल्या. बॅकहो काढ-घाल करायला अर्धा दिवस जातो, दोन माणसं लागतात. मेमध्ये ट्रॅक्टर एक तर उकरेल, नाही तर नांगरेल. आणि ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून नोंदवलेलं. भाड्यानं खोदकामाला लावायचं तर पासिंगचा नि विम्याचा वेगळा घोर.

जुना घ्यावा का, हेही बघून झालं. दोन बघितले. एकाची बकेट हातानं हलवली तर खडखड वाजली, म्हणजे पिन-बुश गेलेले. दुसऱ्याच्या सिलिंडरखाली तेलाचं डबकं होतं आणि मालक म्हणत होता, कालच ग्रीस केलं.

घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. वरुडकडे माझा साडू आहे, त्यानं असाच बॅकहो घेतलाय आणि तो रडत नाही. त्याची संत्र्याची बाग, ओळी वीस-वीस फुटांवर, पण झाडं वाढल्यामुळे मधली वाट अरुंद. मोठी गाडी आत घातली की दांडा फिरताना फांद्या मोडतात. ट्रॅक्टर शिरतं. बागेत पाइपलाइन सतत कुठे ना कुठे फुटते, आणि फुटली की आजच्या आज उकरावी लागते. ओलिताची जमीन कधी दगडासारखी वाळत नाही. मुख्य म्हणजे त्याच्याकडे दुसरं ट्रॅक्टर आहे, बॅकहो एकाला कायमचा लावून ठेवलाय. त्याचा हिशेब वेगळा, जमीन वेगळी. माझं तेच बघून मन चळलं होतं.

वहीत मागे जाताना मात्र एक गोष्ट सापडली. २०२३ साली शेणखताची ट्रॉली जायला वाट हवी म्हणून मी चराचा वरचा तुकडा मार्चमध्येच उकरून घेतला होता. सहा तासांत जेवढी लांबी झाली, तेवढीच खालची लांबी मेमध्ये करायला नऊ तास लागले होते. ऑपरेटर तोच, गाडी तीच. फरक मातीत. हरभरा निघाल्या निघाल्या काळ्या जमिनीत खाली थोडी ओल असते, बकेट भरभरून निघते. मेमध्ये तीच जमीन दगड होते, आणि पहिला पाऊस पडला की चिकट, बकेट उलटी केली तरी सुटत नाही, चालवणारा हलवून हलवून पाडतो आणि मीटर पळतं. मी तीन वर्षं सगळ्यात महागड्या मातीत खोदत होतो.

पुढच्या फाल्गुनात चर काढला. शेजारच्या तिघांना गाठलं, चौघांचं मिळून तीन दिवसांचं काम गाडीला दिलं. लग्नसराई नव्हती, गाड्या रिकाम्या होत्या. तासाला १०५० वर तो कबूल झाला, आणि गाडी यायच्या-जायच्या वेळेचे पैसे नाहीत. रात्री ती आमच्याच कोठ्यापाशी उभी असायची. त्या वर्षी चर ११ तासांत झाला, आदल्या वर्षी १७ लागले होते. एका शेजाऱ्याचा हरभरा उशिरा निघाला म्हणून त्याची बाजू राहिली आणि तो अजून मला टोमणे मारतो. बाबांचंही समाधान नाही. "आपलं ते आपलं असते," असं ते पारावर सगळ्यांना सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटरचा फोटो काढून खाली उतरलो तेव्हा ऑपरेटरनं पन्नी काढली. मी काही बोललो नाही, नुसता बघत उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि मग निवांत घोटायला बसला.