आमची वाटचाल : ताडपत्रीपासून बंदुकीच्या पिशवीपर्यंत

बाबांनी १९९१ साली नागपूरच्या इतवारीत ताडपत्रीचं दुकान टाकलं. कळमन्याच्या बाजारात माल आणणारे ट्रकवाले हे आमचं पहिलं गिऱ्हाईक. शाळेतून आलो की ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकायचं काम माझ्याकडे असे. २००९ मध्ये हिंगणा एमआयडीसीत छोटा गाळा घेतला आणि कापड शिवण्याऐवजी उष्णतेने जोडायचं यंत्र आणलं. शिलाईत प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं. ट्रकवर ते खपून जातं, पण पाण्यात बुडणाऱ्या पिशवीला ते चालत नाही. त्या यंत्रावर आम्ही कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद नाव, चालवणाऱ्यांसाठी तोंड गुंडाळून बंद करायच्या पिशव्या करू लागलो.

पाच वर्षांपूर्वी धंतोलीतले एक काका ४८ इंच लांबीचा पीव्हीसी पाइप घेऊन आले. त्यावर पेनाने खुणा केलेल्या होत्या : इथे घोडा, इथे दस्ता. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण तिकडे बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायला वेगळा हंगाम असतो. हा भाऊ कयाकमधून तळं ओलांडून जंगलात जातो. काका म्हणाले, "बंदूक भिजली की त्याचा अख्खा दिवस वाया जातो."

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात आणि मागे निपलवर, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या भोकाच्या बोंडावर, तांब्याची छोटी टोपी बसवतात. म्हणजे पाणी शिरायला दोन वाटा. आणि काळ्या दारूतला शोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे एकदा भिजलेली दारू वाळवून पुन्हा कामी येत नाही.

बंदूक कारखान्यात आणायचा प्रश्नच नव्हता. आमच्या कारागिरांनी लोखंडी पाइपला सागवानी दस्ता जोडून साडेतीन किलोची नक्कल केली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तशी पिशवी फुगवून पाण्याच्या टाकीत दाबली. तोंडाला दोन घड्या घातल्या तर बारीक बुडबुडे यायचे, तीन घातल्यावर थांबले. मग खिंडसी तलावावर नेऊन नक्कलेसकट पाण्यात टाकली. आत थोडी हवा ठेवली तर तरंगते, सगळी दाबून काढली तर सरळ तळाला जाते. म्हणून बाहेर पट्टा दिला. तो कयाकला अडकवायचा, अंगाला कधीच नाही, कारण नाव उलटली तर माणसाला मोकळं सुटता आलं पाहिजे.

पिशवी अमेरिकेला गेली आणि महिन्याभरात फोन आला : नळीवर तांबूस गंज. मला रात्रभर झोप लागली नाही. पिशवी परत मागवून तीनदा पाण्यात दाबली, एक बुडबुडा आला नाही. शेवटी त्या भावाला, बंदूक कुठे भरली, किती वेळ ठेवली, हे खोदून विचारलं. बंदूक उबदार घरात पिशवीत घातलेली आणि थंडगार तळ्यावर नेलेली. आतल्या हवेतली वाफ गार लोखंडावर दव होऊन बसली. त्यात नळीत आधीच्या बाराची राख राहिलेली, आणि ती ओल धरून ठेवते. म्हणजे पाणी बाहेरून आलंच नव्हतं, ते आम्हीच आत कोंडलं होतं.

तेव्हापासून आत सुती गवसणी आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी देतो. बंदूक साफ करून, सुकवून, तेलाचा हात फिरवूनच आत घाला आणि काठावर पोचलात की लगेच तोंड उघडा, हे प्रत्येकाला स्वतः सांगतो. दारू आणि टोप्यांना दोन वेगळ्या लहान पिशव्या. नावेत बंदूक रिकामीच ठेवायची. आमची पिशवी भरलेल्या बंदुकीसाठी नाही, हे मी आधीच बजावतो.

एका गिऱ्हाइकाने नळीच्या तोंडाला घट्ट रबरी बूच मागितलं होतं. ते मी दिलं नाही. बूच काढायचं विसरून बार केला तर नळी फुटू शकते. पातळ टेप लावा म्हटलं. ती ऑर्डर गेली, त्याचं वाईट वाटत नाही.

आता वर्षाला अशा तीस-चाळीस पिशव्या जातात. मुख्य पोट अजून ताडपत्रीवरच आहे. काकांचा तो पाइप यंत्राशेजारी खिळ्याला टांगलाय. नवी पिशवी कापायच्या आधी कारागीर त्यावरच्या पेनाच्या खुणांशी माप लावून बघतात.