आमची वाटचाल : फवारणी पंपाकडून खताच्या ढिगाकडे

रसायनांशिवाय भाजीपाला करायचं ठरवलं तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता, "कीड आली तर काय मारायचं?" आज शेत बघायला येणारेही हेच विचारतात. आम्ही त्यांना आधी खताच्या ढिगाशी नेतो.

सुरुवातीला आमचं चुकलं ते खतातच. कच्चं शेणखत वाफ्यात गेलं, त्याबरोबर तणाचं बी गेलं आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आयता आसरा मिळाला. वाळका पाला न कुजवताच मातीत मिसळला. तो कुजवताना जिवाणूंनी मातीतलं नत्र ओढून घेतलं आणि पालक, मेथी पिवळी पडली. दोष मात्र बियाण्याला दिला गेला.

आता ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असतो. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. तळाला काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. वर काडीकचऱ्याचा आणि हिरवा पाला-शेणाचा थर आलटून पालटून. कर्ब (कार्बन, वाळक्यात जास्त) आणि नत्र (नायट्रोजन, हिरव्यात जास्त) यांचं प्रमाण २५ ते ३० : १ साधायचं असतं. घमेल्याच्या हिशोबात, दोन घमेली वाळकं आणि एक घमेलं हिरवं, हे जवळपास जमतं. ओल बघायची तर मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

दोन-चार दिवसांत ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता यायला हवी. बहुतेक तणांचं बी आणि रोगाचे जंतू त्यातच मरतात. लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम सुरू आहे. गार निघाला तर ढीग कोरडा आहे किंवा हिरवं कमी पडलंय. नाकाला झोंबणारा वास आला तर हिरवं जास्त झालंय, सडका आला तर हवा कोंडली आहे. उष्णता उतरली की ढीग उलथायचा आणि बाहेरचा माल आत घालायचा. तीन-चार महिन्यांत खत काळपट आणि भुसभुशीत होतं, ओल्या मातीसारखा वास येतो. तोवर आम्ही ते वाफ्याला दाखवतही नाही.

किडीचं काम लागवडीआधी सुरू होतं. टोमॅटोची रोपं ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रं) बारीक जाळीखालीच वाढवतो, कारण पांढऱ्या माशीने रोपवाटिकेतच पर्णगुच्छाचा (पानं आकसवणाऱ्या रोगाचा) विषाणू सोडला तर पुढे त्यावर इलाज नाही. टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ असते. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जाऊन तिथे अंडी घालतो. मात्र लागवडीला टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं असेल तर झेंडूचं ४० ते ४५ दिवसांचं हवं. दोन्ही एकाच वयाची लावली की टोमॅटो फुलावर येतो तेव्हा झेंडूला फूलच नसतं, आणि ओळ वाया जाते.

वांग्यात रोज शेंडे बघावे लागतात. बाकी पानं ताठ आणि एकच शेंडा मान टाकलेला दिसला की तो अळीने पाडलेल्या छिद्राच्या खालून कापायचा. उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी सापडते. असे शेंडे बांधावर टाकू नका. अळी बाहेर येऊन पालापाचोळ्यात कोषात जाते. आम्ही ते साबणाच्या पाण्यात बुडवतो.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच पंप उचलायचा मोह होतो. आधी पान उलटून बघा. मगरीसारखी लांबट, काळसर, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लं आहेत. ती मावा खातात. नव्या माणसाच्या हातून हमखास हीच चिरडली जातात.

तरीही मावा वाढला तरच निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, २०० ग्रॅम साधा साबण विरघळवून मिसळायचा आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचं. साबण नसेल तर कोबीच्या मेणचट पानावरून थेंब घरंगळतात. त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, लवकर विघटित होतं.

सध्या आमचं लक्ष सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींवर आहे. काकडीच्या एका वाफ्यात वेल भर दुपारी मलूल व्हायचे. उपटल्यावर मुळं गाठाळ निघाली. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी नखाने सहज सुटतात. या सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेलं असतं. त्या वाफ्यात या हंगामात भाजी नाही. सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून दाट झेंडू पेरलाय, तो किमान दोन महिने उभा ठेवून तिथेच गाडणार. त्यानंतर कांदा लावू आणि मुळं उपटून पुन्हा बघू.