हप्ता नको, किंमत सांगा

इथं डॅलसमध्ये गाडी घ्यायला गेलो की सेल्समनचा पहिला प्रश्न ठरलेला, "महिन्याला किती भरू शकाल?" मी किंमत विचारली, त्यानं हप्ता सांगितला. पुन्हा किंमत विचारली, तर मुदत वाढवून आणखी छोटा हप्ता पुढं केला. मला याचा भयंकर राग येतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

हिशेब बघा. २५,००० डॉलरचं कर्ज, ९ टक्के व्याज. ४८ महिन्यांत फेडलं तर हप्ता ६२२ डॉलर आणि व्याज साधारण ४,८६०. ७२ महिने केले की हप्ता ४५१ वर येतो, व्याज मात्र ७,४४० च्या घरात जातं. गाडी तीच. वर तिची किंमत दरवर्षी उतरत असते, त्यामुळं मध्येच विकायची वेळ आली तर येणाऱ्या पैशात कर्जही फिटत नाही. नव्यानं आलेल्यांची आणखी अडचण म्हणजे भारतातला सिबिल स्कोअर इथं सहसा कुणी बघत नाही, म्हणून व्याजही चढं लागतं.

एका गोष्टीला मात्र मानलं. १९६८ च्या कायद्यामुळं सही करण्याआधी व्याजाचा वार्षिक दर, एकूण व्याज आणि एकूण परतफेड कागदावर द्यावीच लागते. आपणही मागं नाही म्हणा, रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना असाच तक्ता सक्तीचा केलाय.

मी जुनी करोला घेतली. अर्धे पैसे रोख, उरलेलं तीन वर्षांत. "एवढा पगार आणि ही गाडी?" असं इथले आपलेच लोक विचारतात. विचारू देत. माझ्या आईनं विड्या वळून भिशी भरली. भिशी लागली की मगच घरात वस्तू यायची. मला दर महिन्याला सोलापूरला पैसे पाठवायचे असतात आणि नोकरी व्हिसावर टांगलेली. सहा वर्षांचा हप्ता मी कुणाच्या भरवशावर घेऊ?

परवा जुळे सोलापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. मोठी गाडी बघितलीय, सात वर्षांचं कर्ज, "दादा, हप्ता एकदम कमी बसतोय." त्याला म्हटलं, टोकन देऊ नकोस. ऑन-रोड किंमत, विमा आणि एकूण परतफेड त्यांच्याकडून लिहून घे, कागदाचा फोटो पाठव. रविवारी दोघं मिळून बघू.